डाव्या बाहीचा साचा

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. गेल्या एप्रिलात गुंडीच्या हाताचं प्लास्टर काढलं तेव्हा मी तुला लिहिलं होतं की हाड सांधलंय आणि हात सरळ आहे, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर फक्त हाड सांधलंय एवढंच म्हणाले होते. सरळ आहे हे माझं. खोटं लिहायचं म्हणून लिहिलं नाही गं. सांधलं म्हणजे सरळच असणार असं मी धरून चालले आणि लिहिता लिहिता ते त्यांच्या तोंडी घातलं.

हात सरळ नाही, ताई. तळवे पुढे करून दोन्ही हात लांब सोडायला सांगितले की तुझ्या लेकीचा उजवा हात आपल्या सगळ्यांसारखा अंगापासून थोडा बाहेर राहतो. डावा कोपरापासून उलटा अंगाकडे वळतो आणि कोपराचं टोक बाहेर येतं. फार नाही. पण एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही.

कळलं ते शाळेतून. कवायतीच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की तुमची मुलगी मुद्दाम डावा हात वाकडा धरून वर्गाला हसवते. मी तिला चांगली फैलावर घेणार होते. दुकानातल्या तीन पाखांच्या आरशासमोर नुसत्या शेमीजवर उभी केली आणि म्हटलं, दाखव बघू कशी करतेस ते. तिने केलं. मग मी तिला काहीच बोलले नाही. तिलाच वाटलं आपण काहीतरी मोठं चुकलो.

तू विचारशील की नऊ महिने मी काय डोळे मिटून शिवत होते? तेच तर सांगायचंय. आपल्या दुकानाचा नियम तुला ठाऊक आहे. माप उजव्या हाताचं, कापड दुमडलेलं, दोन्ही बाह्या एका कात्रीत. बाबांनी तुला नकाशे काढायला जाऊ दिलं आणि माझ्या हातात दहाव्या वर्षी खडू दिला, तेव्हापासून मी असंच कापते. मे महिन्यात गुंडीचा निळा फ्रॉक शिवला तर डावी बाही फिरली. मी कापडाला दोष दिला, धागा तिरका असेल म्हणून. दुसऱ्याला पुन्हा तेच, तेव्हा स्वतःच्या हाताला दोष दिला. तिसऱ्याच्या वेळी डाव्या बाहीचा वेगळा कागदी साचा कापला, त्यावर खडूने ‘गुंडी, डावी’ असं लिहिलं आणि खिळ्याला अडकवला. लिहिताना सुद्धा डोक्यात आलं नाही की आपण हे काय लिहितोय. बाही झकास बसली आणि मी खूश. तुला पाठवलेला वाढदिवसाचा फोटो त्याच बाहीतला आहे.

सोळा तारखेला हाडांच्या डॉक्टरांकडे नेते आहे. प्लास्टर घालणारे ते नव्हेत, हे दुसरे, लहान मुलांची हाडंच बघतात. तुमच्या पुलाच्या छावणीवर टपालाची जीप आठवड्यातून दोनदाच येते हे माहीत आहे, तरी तुझं आणि भावजींचं काय मत ते लवकर कळव. मला काही सुचत नाही.

गुंडी मजेत आहे. जेवते, भांडते, गणितात चुकते. तू रागावशील हे धरूनच चालले आहे. रागावून झालं की लोभ जागच्या जागी ठेव.

तुझी,
टाचणी


१३ जानेवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुझ्यावर चिडले, तिसऱ्यांदा वाचायच्या आत तुझ्या भावजींनी हातातून ओढून घेतलं. त्यांचा पहिला प्रश्न, किती अंश? मी म्हटलं, मुलगी आहे ती, कमान नाही. तर म्हणाले, कमान असती तर आत्तापर्यंत पाडून नवी बांधली असती, मुलगी आहे म्हणूनच विचारतोय. मग बाहेर जाऊन बराच वेळ नदीकडे बघत उभे राहिले. त्यांना रडता येत नाही, अंश मोजता येतात.

मी तुझे सगळे फोटो नकाशाच्या भिंगाखाली धरून पाहिले. कुठ्ठे काही दिसत नाही. तुझ्या हाताला शाबासकी द्यावी की तुझे कान उपटावेत, ठरत नाही. इथे शाळा नाही म्हणून मी माझी मुलगी तुमच्याकडे ठेवली आणि फोटोतल्या बाहीवर विश्वास ठेवत राहिले. म्हणजे कान उपटायचे तर आधी माझेच.

डॉक्टर सांगतील तसं कर. पण कापाकापी म्हणाले तर लगेच हो म्हणू नकोस. तोंडावर नाहीही म्हणू नकोस. तिला दुखतं का ते लिहिलं नाहीस. बाकी गणितात चुकते ते बरोबर लिहिलंस!

आणखी एक. वर्षभर मनात आहे, विचारायचा धीर झाला नाही. ती कापायच्या टेबलावर चढली आणि पडली असं तू तेव्हा लिहिलं होतंस. ते टेबल तिच्या नाकापर्यंत येतं. खाली स्टूल नसतं. मग चढली कशी?

रागावले आहे आणि तुझ्यावर जीवही आहे. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवते, वेगळं तिकीट लावत नाही.

तुझी,
ताई


१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुखत नाही. मागच्या पत्रात ते राहिलं, माझी चूक. हात पूर्ण उघडतो, जवळजवळ पूर्ण मिटतो, बोटं खांद्याला लागतात.

डॉक्टर उंच आहेत आणि हळू बोलतात. खोलीत एक पांढरी उजेडाची पेटी, तिच्यावर एक्स-रे लावतात. त्यांनी गुंडीच्या दोन्ही हातांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि आधी तिला बादलीची गोष्ट सांगितली. भरलेली बादली धरली की ती पायावर आपटू नये म्हणून माणसाचा हात कोपरापासून जरा बाहेर वळलेला असतो. तिचा उजवा दहा अंश बाहेर आहे, डावा अठरा अंश आत. भावजींना सांग, दोन्ही मिळून अठ्ठावीस.

मग त्यांनी पातळ कागदावर दोन्ही हाडं गिरवली. उजव्या हाडाचा कागद उलटा केला, म्हणजे तो डावा झाला, आणि वाकड्यावर ठेवला. जिथे दोन्ही जुळत नव्हते तिथे एक पाचर उरली. ती कापायला त्यांनी कात्री घेतली आणि ताई, ती इतकी बोथट की कागद कुरतडला जायला लागला. मला बघवेना. मी पिशवीतली माझी बारकी कात्री पुढे केली. ते हसले, म्हणाले, तुम्हीच कापा. मी कापली. नंतर वाटलं, आगाऊपणा झाला.

ऑपरेशन म्हणजे तेच, पण हाडावर. कोपराच्या वर बाहेरच्या अंगाने तेवढी पाचर काढायची, फट मिटवायची, तारांनी टाचायची, वर प्लास्टर पाच-सहा आठवडे. कंबरेला आपण डार्ट घालतो, पाचरीएवढं कापड आत गेलं की सगळं कापड वळतं, अगदी तसं. मला ते चटकन कळलं. इतक्या चटकन कळलं म्हणून भीती वाटली.

बाकी जे जे म्हणाले ते घरी येऊन लगेच लिहून ठेवलं, या वेळी माझा शब्द एकही नाही. वाढत्या वयात मुलांची हाडं पुष्कळ काही आपोआप सुधारतात, पण हा बाक सुधारणार नाही. वाढणारही नाही. ऑपरेशन बरंचसं दिसण्यासाठी. हात आज उत्तम चालतो. पुढे मोठेपणी काहींचं कोपर ढिलं पडतं किंवा करंगळीकडची नस कुरकुरते, सगळ्यांचं नाही. ऑपरेशनमध्येही नसेला धक्का लागू शकतो, जंतू जाऊ शकतात, थोडा बाक उरू शकतो, व्रण तर राहणारच. सहसा चांगलं होतं. मी विचारलं, चूक कुणाची? म्हणाले, असं मोडलेलं हाड प्लास्टरच्या आतसुद्धा सरकतं, कुणाचीच नाही. हे मी तसंच लिहिलंय, पण मला पटलेलं नाही.

शेवटी विचारलं की हा हात खुपतो कुणाला? मी गुंडीकडे बघितलं. ती टेबलाखाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या मोजत होती. मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, मला घाई नाही, हाडालाही नाही. ते मंगळवारी ऑपरेशनं करतात. दहा मार्चपर्यंत सांगितलं तर अठरा मार्चला करतील, नाहीतर शाळेच्या परीक्षा होऊ द्यात म्हणाले. आईवडिलांची सही लागेल. संमतीपत्र सोबत ठेवलंय. पाचर आणि गिरवलेले कागद त्यांनी मला दिले.

बाबा म्हणतात, उसवलेलं कापड पहिल्यासारखं होत नाही. दुकानातले आपले इस्त्रीकाका म्हणतात, सुरकुती वेळेवर काढावी, मग बसते. दोघंही दिवसातून तीनदा म्हणतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत झालीय.

टेबलाचं नंतर लिहिते. टपाल निघेल. गोंधळलेल्या माणसावर करतात तसा, जरा जास्तच लोभ कर.

तुझी,
टाचणी


२६ जानेवारी

चि. मोठीस,
अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. मागचं पत्र तू नोकरीला लागलीस तेव्हा लिहिलं होतं, त्यातही कोटाचं माप विचारलं होतं. कोट झाला का जुना?

लिहिण्याचं कारण. पोरीचा हात मी मे महिन्यातच पाहिला होता. निळ्या फ्रॉकच्या वेळीच. माझ्या नजरेतून बाही सुटत नाही. पण टाचणीला बोललो असतो तर तिने जेवण सोडलं असतं. म्हणून गप्प बसलो. ती फ्रॉक शिवून ठेवायची आणि पोस्टात किंवा बटणं आणायला जायची. ती गेली की मी डाव्या बाहीचा मुंढा उसवून बाही अर्धं बोट मागे फिरवायचो आणि पुन्हा जोडायचो. ती परत यायची आणि म्हणायची, बाबा बघा, माझा साचा जमला. मी म्हणायचो, जमला.

पन्नास वर्षं हेच केलं. कुणाचा एक खांदा खाली, कुणाला पोक, कापडात असं घ्यायचं की माणूस सरळ दिसतो. गिऱ्हाईक खूश होतं. पण गिऱ्हाईक मोठं असतं आणि त्याला आपला खांदा माहीत असतो. या पोरीला कुणी विचारलं नाही.

ऑपरेशनबद्दल मला मत नाही. तिच्यासमोर दिवसातून तीनदा देतो ते सवयीने. कात्रीची मला कधी भीती वाटली नाही. तो कागदाचा तुकडा पाहिला की वाटते.

टाचणीला यातलं सांगू नकोस. कोटाचं माप कळव.

तुझे,
बाबा


८ फेब्रुवारी

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

संमतीपत्र सोबत आहे. दोघांच्या सह्या आहेत. तारखेची जागा कोरी ठेवली आहे आणि ती मुद्दाम ठेवली आहे.

आम्ही दहा दिवस भांडलो. आधी मी करू या म्हणत होते आणि तुझे भावजी नको म्हणत होते. मग त्यांनी कागदावर अठ्ठावीस अंशांची रेघ काढून भिंतीला लावली आणि रोज येता-जाता बघून ते करू या म्हणायला लागले. तोवर मी नको म्हणायला लागले होते. काल त्यांनी ती रेघ काढून टाकली. आता भिंतीवर नुसती टाचणी राहिली आहे. तुझी आठवण म्हणून राहू दिली.

खरं सांगू का, मुलगी इथून आम्हाला दिसत नाही. आम्हाला एक कोन दिसतो. तू तिला रोज पाहतेस. म्हणून ठरवायचं तू. करायचं ठरवलंस तर तारीख घाल. नाही ठरवलंस तर फाडून टाक. दोन्हीतलं काहीही केलंस तरी पुढे जन्मात तुला बोलणार नाही. भावजींचंही वचन घेतलं आहे, लेखी. ऑपरेशन ठरलं तर मला कुठल्याही मंगळवारसाठी आदल्या दिवशी पोचता येईल, साहेबांना विचारून ठेवलं आहे.

बाबांचं पत्र आलं होतं. कोटाचं माप विचारलं आहे. आणि टेबलाचं तू अजून लिहिलं नाहीस.

तारीख कोरी असली तरी लोभ भरलेलाच समज.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

असं करू नकोस गं. ते संमतीपत्र मी कपाटात ठेवलंय, तर कपाट उघडायची भीती वाटते आणि सगळी बटणं नेमकी त्याच कपाटात आहेत. गिऱ्हाइकांना वाटतंय आम्ही बटणांशिवाय कपडे द्यायला लागलो. तू म्हणतेस मी तिला रोज पाहते. नऊ महिने रोज पाहिलंच की!

एक गंमत झाली, म्हणजे गंमत नाही. रविवारी मी ठरवलं की ज्या बाहीने सगळं झाकलं ती नीट बघावी. गुंडीचे सगळे फ्रॉक टेबलावर मांडले आणि निळ्याचा मुंढा उसवायला घेतला. शिवण माझी नव्हती. बाबा दोऱ्याला मेण लावतात आणि त्यांचा टाका उजवीकडे झुकतो, हे माझ्या बोटांना डोळे मिटूनसुद्धा कळेल. दुसरा फ्रॉक बघितला, तिसरा बघितला. अकराच्या अकरा फ्रॉकांना डावीकडे बाबांचा टाका. मी निळा फ्रॉक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, शिवण उजेडात नेली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, टाका चांगला आहे. मग चहा करायला आत गेले. चहा दोन कप आणला. आम्ही दोघं समोरासमोर बसून प्यायलो.

मला आधी काय वाटलं असेल? मुलीचा हात नाही, माझा साचा. म्हणजे तो कधी जमलाच नव्हता! याचीच नंतर लाज वाटली. एकाच बाहीला मी खालून फसवत होते आणि ते वरून. मध्ये हात होता.

सोमवारी वाटतं करावं. चौदा वर्षांची झाल्यावर आरशात बघून ती मला विचारेल, तेव्हा तू काय करत होतीस? मंगळवारी वाटतं करू नये. नसेला धक्का बसला तर चालता हात मी माझ्या हौसेखातर बिघडवला असं होईल. बुधवारी कवायतीच्या बाई रस्त्यात भेटतात आणि इतक्या प्रेमाने चौकशी करतात की मला त्यांचा राग येतो. दुकानात मापाला येणाऱ्या प्रत्येकाचे हात मी मोजायला लागले आहे. सरळ असा कुणाचाच नाही, ताई. काल एक ड्रायव्हर कोटाचं माप द्यायला आला, त्याचे दोन हात दोन तऱ्हांचे. त्याला मी विचारलं, तुम्हाला याचा त्रास होतो का? तो म्हणाला, आत्तापर्यंत होत नव्हता.

डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर आता येतं. खुपतो तो मला. पण हे कारण संमतीपत्रावर कसं लिहायचं?

तुझं वचन परत घे आणि मला काहीतरी बोल. टेबलाचं माझ्या लक्षात आहे, लिहीन. लोभ ठेव, आणि ठरवायचं मात्र माझ्यावर ठेवू नकोस.

तुझी,
टाचणी


२० फेब्रुवारी

प्रिय आई,

मी मजेत आहे. हे पत्र मी एकटीने लिहिलं आणि इस्त्रीकाकांनी पत्ता घातला. मावशी हल्ली माझ्याशी बोलत नाही, माझ्या कोपराशी बोलते. मी भूक लागली म्हटलं तरी आधी कोपराकडे बघते. आजोबा पण. घरात सगळे बोलतात आणि मी आले की गप्प बसतात. माझे सगळे फ्रॉक उसवून ठेवलेत. मी रोज शाळेचाच घालते.

मला बिनबाह्यांचा फ्रॉक पाहिजे. पिवळा. मावशी शिवत नाही, थंडी वाजेल म्हणते. थंडी नाहीये. तू सांग तिला.

बाबांना पापा. पुलाला पण.

तुझी,
गुंडी


२ मार्च

टाचणे,

गुंडीचं पत्र तसंच तुझ्याकडे पाठवते, म्हणून त्याच्याच पाठीवर लिहिते आहे. तू बोल म्हणालीस, हे माझं बोलणं. बाकी काही ठरवायच्या आधी हा फ्रॉक शिव. पिवळा. आणि मग तिला विचार, आणि विचारल्यावर थांब.

ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फ्रॉक काल शिवला. पिवळा, बिनबाह्यांचा. शिवायला दीड तास लागला. बाही नसली की फ्रॉक किती पटकन होतो! बाबांनी काज केले. एका बाजूला मी, एका बाजूला ते, आणि या वेळी दोघंही एकमेकांना दिसत होतो.

गुंडी तीन पाखांच्या आरशासमोर उभी राहिली. तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. सगळ्या बाजूंनी. मी तोंड दाबून बसले होते, तू थांब म्हणाली होतीस ना. ती म्हणाली, उजवा हात म्हणतो सरक तिकडे, आणि डावा म्हणतो ये इकडे. मग तशीच बाहेर पळाली, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेली आणि परत आली. आकाश कोसळलं नाही. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याने तेवढं विचारलं की फ्रॉक नवा का.

आल्यावर तिने स्वतःहून विचारलं की त्या उंच डॉक्टरांनी दिलेला कागद कुठे आहे. मी कपाट उघडलं. सगळं टेबलावर मांडलं. तिने ती पाचर बसवली, काढली, फट मिटवली, पुन्हा उघडली, पन्नास वेळा तरी. मग प्रश्न विचारले. दुखेल का? मी हो म्हटलं. खूण राहील का? राहील. हाडाचा तुकडा मला देतील का? ते मला माहीत नव्हतं, तसंच सांगितलं. शेवटी मी विचारलं, तुला हात सरळ करून हवाय का, आणि थांबले. ताई, ती पाचर बोटांत फिरवत राहिली. माझे सगळे शब्द ओठांवर आले होते आणि मी ते गिळले.

ती म्हणाली, झारी आपटते. शाळेत झाडांना पाणी घालायची पाळी असते. भरलेली झारी डाव्या हातात घेतली की गुडघ्यावर आपटते आणि बुटात पाणी जातं. म्हणून तिला एकच झारी देतात, उजव्या हातात. बाकीच्या मुली दोन-दोन नेतात. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बादलीचं सांगितलं होतं, तेव्हापासून तिला ते माहीत होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. मी पुन्हा विचारलं, नक्की का? म्हणाली, दोन झाऱ्या न्यायच्या आहेत.

झारीसाठी हाड कापायचं का? मला अजूनही कळत नाही. ती आठ वर्षांची आहे आणि आठ वर्षांच्या मुलीचं हो किती धरायचं हेही कळत नाही. पण तिचं कारण तिचं आहे, आणि माझ्यापेक्षा बरं आहे. आज सकाळी मी कोऱ्या जागेत तारीख घातली. उद्या दहा तारीख, डॉक्टरांना सांगायचा शेवटचा दिवस. दुकान उघडायच्या आधी जाऊन कागद त्यांच्या हातात देते.

आता दुसरी चूक दुरुस्त करते. गुंडी टेबलावर चढली नव्हती. मी तिला उभी केली होती. फ्रॉकचा घेर खालून सारखा करायचा होता. हलू नकोस म्हटलं आणि खडू आणायला आत गेले. आतल्या खोलीत खडू शोधत होते तेव्हा आवाज आला. खडू माझ्या खिशात होता. दवाखान्यात विचारलं तेव्हा मी म्हटलं, ती चढली. आणि तिने ते ऐकलं. काल हे मी तिच्यासमोर कबूल केलं तर म्हणते, मला माहितीये की, पण आपण ‘मी चढले’ असं म्हटलं होतं ना, म्हणून मी सगळ्यांना तेच सांगितलं. एक वर्ष, ताई. सात वर्षांच्या मुलीने माझं खोटं माझ्यापेक्षा नीट सांभाळलं.

तिची एक अट आहे. डॉक्टर भूल देईपर्यंत एका माणसाला आत थांबू देतात हे तिने त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तिने वाटणी केलीय. उठवायला आई, झोपवायला मावशी. आई का नको विचारलं तर म्हणाली, आई कधी खडू आणायला गेली नाही. मला आधी वाटलं टोमणा मारते. तसं नव्हतं. तिने फक्त सांगितलं की या वेळी टेबलाजवळून कुठे जाऊ नकोस.

तेव्हा तू सोमवारीच पोच. बाबांनी तुझा कोट उंचीच्या अंदाजाने कापायला घेतलाय. माप दे नाहीतर बाह्या लांब होतील. दोन्ही हातांची दे. डाव्या बाहीचा तो कागदी साचा मी खिळ्यावरून काढला नाही, प्लास्टर निघेपर्यंत राहू दे.

जे लिहायचं होतं ते सगळं लिहून झालं. आता तुझा लोभ उरेल तेवढा उरो, मी मोजणार नाही.

तुझी,
टाचणी

ता. क. आत जाताना खिसे रिकामे करून जाईन. ती झोपेपर्यंत तिचा उजवा हात धरून टेबलापाशी उभी राहीन, कुणी काहीही आणायला पाठवलं तरी हलणार नाही. मंगळवार, १८ मार्च, सकाळी साडेसात.